अलकापुरीतला ड्रमचा क्लास आणि जो मोरेलो: नातीबरोबरचे आठ महिने

माझी नात तेरा वर्षांची. जन्मापासून नजर अधू. पुस्तक नाकाशी धरलं की अक्षर लागतं, वर्गातला फळा दिसत नाही, आणि दिवेलागणीनंतर पायरी चुकते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिनं जाहीर केलं की तिला ड्रम शिकायचेत. घरात तबला आहे, मी चाळीस वर्षं वाजवते आहे, पण तिला ड्रमच हवे होते. फेब्रुवारीपासून आम्ही दोघी अलकापुरीतल्या एका क्लासला जातो. बडोद्यात अशा मुलांसाठी वाद्य शोधणाऱ्या आईबापांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे. जरा लांबेल, कारण या क्लासातून शिकवणीबरोबर एका माणसाचं अख्खं आयुष्य आमच्या घरात आलं आहे.

आधी पत्त्याचं सांगते. क्लासला पाटी नाही. सर एका वेळी आठच मुलं घेतात आणि जागा भरलेल्या असतात, म्हणून नाव-नंबर टाकू नका असं त्यांनी स्वतः सांगितलं. स्टेशनच्या पलीकडे, गरनाळ्यातून (रेल्वेखालच्या बोगद्यातून) बाहेर पडून उजव्या हाताच्या गल्ल्यांपैकी एकीत, जुन्या बंगल्याच्या दुसऱ्या मजल्यावर. अलकापुरीत कुणाही वाजवणाऱ्याला "ते अंधारात शिकवणारे सर" म्हणून विचारलंत तरी कळेल. अंधारात का, ते पुढे येईलच.

याआधी तीन महिने ती दुसरीकडे जात होती. तिथे भिंतीवर मोठा पडदा, त्यावर नोटेशन सरकत जाणार आणि मुलांनी बघून वाजवायचं. हिला सारखं "समोर बघ, समोर बघ" ऐकावं लागायचं. घरी यायची ती कपाळ धरून. मी बोलायला गेले तेव्हा सल्ला मिळाला की हिला गाणं शिकवा, अशा मुलांना गाणं चांगलं जमतं. डोळ्यांनी अधू म्हटलं की लोक आपसूक गाणं नाहीतर पेटी सुचवतात. मुलीला काय आवडतं हे कुणी विचारत नाही. त्या दिवशी तिथून उठले ती परत गेले नाही.

नव्या सरांकडे पहिल्या दिवशी काहीच वाजलं नाही. पन्नाशीचे गुजराती गृहस्थ, तरुणपणी हॉटेलांच्या बँडमध्ये आणि अजूनही नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवतात. त्यांनी खोलीतले दोन दिवे घालवले, तिला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "आंख पछी, बेटा. पहेलां हाथ फेरव." अर्धा तास ती नुसती चाचपत होती. स्नेअर म्हणजे सेटमधला चपटा ड्रम, त्याच्या वरच्या कातड्यावर (कातडं म्हणायचं, असतं प्लॅस्टिकच) खरखरीत पांढरा लेप असतो, तो बोटांना लागला. खाली तारांची पट्टी असते, तिचा खटका पाडला की डब्यासारखा घुमणारा आवाज, खटका लावला की चुरचुरणारा. मोठ्या झांजेला मधे घुमटी असते. घुमटीवर घंटा वाजते, मधल्या अंगावर टिपरी टेकवली तर स्वच्छ "डिंग", आणि काठाला लागली तर सगळं पाणी हिंदकळल्यासारखं. तिनं हे तीन आवाज पाठ केले. मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, आता बसा. एक रेकॉर्ड ऐकवतो."

ती रेकॉर्ड म्हणजे 'टेक फाइव्ह'. डेव्ह ब्रुबेक या अमेरिकी जॅझ पियानोवादकाच्या चौकडीनं १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये केलेली, 'टाइम आउट' या अल्बममधली. सुरुवातीला एकटे ड्रम. मग पियानो, मग बास, आणि शेवटी पॉल डेसमंडचा सॅक्सोफोन अशा संथ चालीनं आत येतो की खिडकी उघडल्यासारखं वाटतं. पाच मात्रांचं चक्र. मी बोटांवर मोजत होते. नात डोळे मिटून बसली होती. संपल्यावर सर म्हणाले, "हे ड्रम वाजवणारा जो मोरेलो. त्यालाही लहानपणापासून नीट दिसत नव्हतं."

नातीचा पहिला प्रश्न: "त्याला टिपऱ्या दिसायच्या?"

सर म्हणाले, त्याला त्या बघायची गरजच पडत नव्हती.

मोरेलोची गोष्ट सर एका दमात सांगत नाहीत. ज्या दिवशी जो धडा, त्या दिवशी त्याचा तेवढा भाग. मला ही पद्धत फार आवडली. आपल्याकडेही गुरुजी तबल्याचा कायदा, म्हणजे बोलांची बांधलेली रचना, शिकवताना तो कुणाकडून कुणाकडे आला हे सांगायचे, आणि त्या नावांमुळे हात जपून पडायचा.

पहिला भाग व्हायोलिनचा. मोरेलो १७ जुलै १९२८ रोजी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जन्मला. नजरेमुळे बाहेरचे खेळ जमेनात, म्हणून घरच्यांनी सहाव्या वर्षी व्हायोलिन हातात दिलं. नवव्या वर्षी हा मुलगा बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर मेंडेल्सन या संगीतकाराचा व्हायोलिन कन्चेर्तो (व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) वाजवत होता. नवव्या वर्षी! लोकांना वाटलं असणार, मार्ग सापडला. पण पंधराव्या वर्षी जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक याशा हायफेट्झची गाठ पडली, आणि तो आवाज ऐकून मोरेलोनं ठरवलं की आपल्या हातून हे कधी निघणार नाही. व्हायोलिन ठेवलं आणि ड्रमकडे वळला. ही गोष्ट सरांनी आमच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात सांगितली, मी गाण्याच्या सल्ल्याची हकिगत बोलले त्याच संध्याकाळी. त्यावर त्यांनी एक शब्द जास्त लावला नाही. नातीनं मात्र घरी आल्यावर आईला ती तशीच्या तशी सांगितली, आणि आमच्याकडे पुन्हा गाण्याच्या क्लासचा विषय निघालेला नाही.

दुसरा भाग टप्प्याचा, म्हणजे टिपरीच्या उसळीचा, आणि शिकवणीच्या दृष्टीनं या क्लासाचं सगळ्यात मोठं बलस्थान हेच. पहिल्या दिवसानंतर दोन महिने तिनं ड्रमसेटला हात लावला नाही. गुडघ्याएवढ्या स्टँडवर रबराची चकती, आणि हातात हलक्या टिपऱ्या. सरांचं सांगणं असं की टिपरी उचलायची नाही. सोडायची, ती आपटून आपणहून जिथून निघाली तिथे परत येते, आणि बोटांनी तिला फक्त वाट द्यायची. मोरेलोला हे बॉस्टनच्या जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांनी शिकवलं. ड्रमच्या जगात ज्यावर पिढ्या घडल्या ते हाताच्या सरावाचं पुस्तक १९३५ सालचं, याच स्टोन यांचं. त्यात सूर नाही, ताल नाही, नुसती उजवा-डावाची शेकडो मांडणी: उजवा डावा उजवा डावा, उजवा उजवा डावा डावा, उजवा डावा डावा उजवा, असं पान पान. मोरेलो हे धडे वाजवताना मनानंच मधे मधे आघात घालायला लागला. गुरूंना ते इतकं भावलं की त्यातून त्यांचं पुढचं पुस्तक झालं आणि त्यांनी ते या शिष्याला अर्पण केलं. शिष्याच्या खोडीतून गुरूचं पुस्तक निघावं, हे मला फार हृद्य वाटतं.

तबला वाजवणाऱ्यांना हे नवीन नाही. आपला कायदा आणि त्याचे पलटे म्हणजे तरी काय, त्याच बोलांची उलटापालट. आणि खुल्या बोलाला बोट कातड्यावर चिकटून राहिलं तर नाद मरतो, हे आम्हाला पहिल्या महिन्यात कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं. म्हणून नातीच्या हाताला टप्पा लवकर सापडला असं सर म्हणतात. मला वाटतं, दिसत नाही म्हणूनही सापडला असेल. टिपरीकडे बघणारी मुलं ती उचलतात. ही बघत नाही.

स्टोन यांच्यामुळेच मोरेलो जॅझकडे गेला. त्याला खरं तर सिम्फनीत टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, वाजवायची होती. तिथे एक डोळा कंडक्टरवर आणि एक कागदावर लागतो. गुरूंनी त्याला जॅझची वाट दाखवली. १९५२ साली तो न्यूयॉर्कला गेला आणि पियानोवादक मेरियन मॅकपार्टलंड यांच्या त्रिकुटात हिकरी हाउस नावाच्या ठिकाणी वाजवू लागला. पियानो, बास आणि ड्रम, समोर लोक जेवताहेत, गप्पा चालल्या आहेत. अशा जागी ड्रमरला दाबून नाही, जपून वाजवावं लागतं.

इथे ब्रशचा धडा आला. तारांची झाडणी म्हणा ना, दांड्यातून बाहेर काढता येते, परत आत ओढता येते. डावा हात कातड्यावर गोल फिरत राहतो, उजवा वरून हलके ठोके देतो. खरखरीत लेप असतो तो यासाठी. गुळगुळीत कातड्यावर ब्रशचा आवाज नीट येत नाही. घरी सराव जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर, उलट्या बाजूनं. स्वयंपाकघरातून मला ते रवा चाळल्यासारखं ऐकू येतं, आणि चाळणी एका लयीत फिरते आहे की अडखळते आहे हे ओट्यापाशी उभं राहून कळतं. अलीकडे मी पोळ्या लाटता लाटता ओरडते, "डावा थांबला!" आणि तो थांबलेला असतो.

आता डुलण्याबद्दल, कारण इथे सरांचं आणि माझं छान जमलं. जॅझमध्ये मोठ्या झांजेवर सतत एक चाल चालते: डिंग, डिंग-ग, डिंग, डिंग-ग. कागदावर ती सरळ लिहितात, वाजते मात्र डुलत. सर ती गरब्याच्या हींच तालातून समजावतात. हींच सहा मात्रांचा, आणि बडोद्याच्या मुलाच्या पायात तो जन्मतः असतो. एका मात्रेचे तीन तुकडे करा, मधला गिळा, उरलेले दोन वाजवा, की झालं डुलणं. मी म्हटलं, सर, हे आमच्याकडे दुसऱ्या दारानं आलंय. बडोद्याच्या तबल्यावर अजराडा घराण्याची छाप आहे, ती प्रा. सुधीरकुमार सक्सेना यांच्यामुळे. ते हबीबुद्दीन खाँसाहेबांचे शिष्य, आणि आपल्या विद्यापीठात त्यांनी कितीतरी वर्षं शिकवलं. अजराड्याची ओळखच आडी लयीचे, तिस्र जातीचे, म्हणजे मात्रेचे तीन तुकडे पाडणारे कायदे. मी जे गुरुजी धरले तेही याच बाजाचे. मी तिथल्या तिथे मांडी ठोकून एक कायदा म्हणून दाखवला, आणि सरांनी त्याच्याखाली झांजेची चाल धरली. कुठे मेरठजवळचं अजराडा गाव आणि कुठे न्यूयॉर्क! पण लय बसली. नात हसत होती. सुरसागराकाठच्या म्युझिक कॉलेजला, जे १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा म्हणून सुरू झालं, रोज सायकलवर जाणारी एकोणीस वर्षांची मी त्या खोलीत मला दिसली.

हेच ज्ञान 'टेक फाइव्ह'ला मात्र आडवं आलं, तेही सांगायला हवं. त्याच्या पाच मात्रा तीन-दोन अशा पडतात. आमच्या घरात झपताल वाजतो, म्हणजे दोन-तीन, दोन-तीन. पोरीच्या कानात लहानपणापासून तेच मुरलेलं. तिचा जोर दर वेळी एक मात्रा आधी पडायचा, आणि तिला कळायचं की काहीतरी चुकतंय पण काय ते सापडायचं नाही. तीन आठवडे गेले. शेवटी सरांनी आकडेच बंद केले आणि मला बोल बांधायला सांगितले. आम्ही "धा धिं ना, ती ना" असे साधे बोल बसवले, तिनं ते स्कूटरवर माझ्या मागे बसून, जिन्यात, आंघोळीला जाताना म्हटले, आणि एका शनिवारी आपोआप बसलं. विद्यार्थ्याच्या घरातलं शहाणपण वापरून घेणारा शिक्षक मला तरी क्वचित भेटलाय.

या पाच मात्रांचा उगमही मोरेलोकडेच जातो. १९५६ साली बेनी गुडमन आणि टॉमी डॉर्सी अशा दोन बड्या बँडांची बोलावणी नाकारून त्यानं ब्रुबेकबरोबरचा दोन महिन्यांचा दौरा पत्करला. दोन महिन्यांसाठी आलेला १९६७ पर्यंत राहिला. सुरुवातीला डेसमंडशी खटके उडाले, कारण डेसमंडला मागे हळुवार, आपलं अस्तित्व न दाखवणारा ड्रमर हवा होता आणि मोरेलोला आपलं वाजवणं ऐकवायचं होतं. ब्रुबेक ठाम राहिला. १९५८ मध्ये अमेरिकी सरकारनं या चौकडीला लांबच्या दौऱ्यावर पाठवलं. पोलंड, तुर्कस्तान, मग आपला भारतही. तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडे ब्रुबेकनं नऊची लय ऐकली, दोन-दोन-दोन-तीन, आणि त्यातून 'ब्लू राँडो' ही रचना झाली. मोरेलो तर मैफिलीआधी रंगमंचामागे पाचाच्या लयीत हात मोकळे करायचा. तेच धरून डेसमंडनं 'टेक फाइव्ह' लिहिलं. ज्याला ड्रमर मागे हवा होता त्याच्या नावावरची सगळ्यात गाजलेली रचना ड्रमरच्या हातातून निघाली. पुढे डेसमंडनं आपल्या मृत्यूनंतर तिचं मानधन अमेरिकन रेड क्रॉसला मिळावं अशी व्यवस्था केली. तो १९७७ साली गेला.

आणि आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. 'टेक फाइव्ह'च्या मधे मोरेलोचं एकट्याचं वादन येतं. तेव्हा ब्रुबेक पियानोवर काय करतो ऐका. तो त्या दोन स्वरगुच्छांचा झोका सोडत नाही. आख्ख्या रचनेत तो स्वतः एकही सोलो घेत नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. हा लेहरा आहे! आपल्याकडे स्वतंत्र तबलावादनाला पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात, तो शेजारी तसाच चालू राहतो आणि तबलावाला त्याच्या आत-बाहेर करत समेवर येतो. मला हे पहिल्याच दिवशी ऐकू आलं, आणि सर कितीतरी वर्षं ही रेकॉर्ड ऐकत होते तरी त्यांनी त्याकडे असं पाहिलं नव्हतं. तेव्हापासून ते कीबोर्डवर लेहरा धरतात आणि नात वाजवते. मोरेलोनं त्या जागेत काय केलं? तो धावत सुटला नाही. एक ठोका, मग रिकामी जागा. दोन ठोके, मग त्याहून मोठी रिकामी जागा. लेहरा चालू, लोक वाट बघताहेत, आणि तो दम धरून बसलेला. एवढी बोटं चालणाऱ्या माणसानं इतकं थोडं वाजवायचं म्हणजे काय तयारी लागत असेल ते हातात टिपरी किंवा तबला धरलेल्यालाच कळेल.

सरांचं म्हणणं, हा सोलो म्हणजे त्याचं शिखर. मी सहमत नाही, आणि आमचा हा वाद आठ महिने चालू आहे. मला त्याचा मोठेपणा पहिल्या दोन मिनिटांत दिसतो, डेसमंडच्या मागे, जिथे झांज एका धाग्यासारखी चालते आणि सॅक्सोफोनला पाय टेकायला जमीन मिळते. सोलो वाजवणारे पुष्कळ. ठेका धरून दुसऱ्याला उंच करणारे थोडे. नातीला दोन्हीपेक्षा 'अनस्क्वेअर डान्स' आवडतो. सात मात्रांची ती तुकडी १९६१ सालची, आणि तिच्या शेवटी मोरेलोचं हसू टेपवर तसंच राहून गेलंय. ती ते हसू पुन्हा पुन्हा लावते.

उणीवा लिहिते, कारण पैसे देऊन जायचं तर त्या माहीत असाव्यात. जिना अरुंद आहे आणि वरच्या वळणावर कठडा नाही. मी दोनदा सांगितलं, सरांनी घरमालकाला सांगितलं, अजून झालेलं नाही. आता मी पुढे आणि ती माझा खांदा धरून मागे, असं चढतो. एसी नाही. मे महिन्यात खिडक्या बंद करून ड्रम वाजवणं म्हणजे परीक्षाच, आणि शेजाऱ्यांमुळे खिडक्या उघडता येत नाहीत. दोन सेटांपैकी भिंतीकडच्या सेटच्या झांजा साध्या पितळी पत्र्याच्या, डब्यासारख्या वाजतात. तिथे बसायची पाळी आली की "डिंग" येतच नाही. दारालगतचा सेट मागून घ्या.

कानांचं मात्र कुणी हलक्यात घेऊ नका. बंद खोलीत ड्रमसेटचा आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. आमच्या पोरीचे कान हेच तिचे डोळे, तेव्हा ते जपलेच पाहिजेत. सर कानाला संरक्षण लावल्याशिवाय टिपरी हातात देत नाहीत हे उत्तम, पण क्लासात जोड कमी आहेत आणि सगळ्यांचे घामेजलेले. स्वतःची जोडी घेऊन या.

नवरात्राच्या आधीचे पंधरा दिवस आणि ते नऊ दिवस क्लास बंद, कारण सर रोज रात्री गरब्यात वाजवतात. त्याची फी ते घेत नाहीत. पावसाळ्यात गरनाळ्यात पाणी भरलं की रस्ता बंद होतो, हे बडोदेकरांना सांगायला नको. आम्ही रावपुऱ्याहून काळा घोडा चौकातून येतो. जुलैत दोनदा जेतलपूर पुलावरून वळसा घ्यावा लागला आणि धडा अर्धाच मिळाला. सरांनी तो नंतर भरून दिला.

फी महिना अडीच हजार, आठवड्याला दोन तास. टिपऱ्या आणि रबरी चकती आपली. परीक्षेच्या ग्रेड हव्या असतील तर इथे येऊ नका, ते त्या वाटेला जात नाहीत. पहिले सहा महिने सिनेमाचं गाणंही वाजवायला मिळत नाही. एक मुलगा याच कारणानं सोडून गेला, आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्याचंही चुकलं नाही.

अंधाराचं राहिलं. हा धडा ऑगस्टमधला. सरांनी मोरेलोचा उत्तरार्ध सांगितला. १९६७ च्या शेवटी चौकडी मोडली आणि तो मुख्यतः शिकवायला लागला. उरलीसुरली नजरही पुढे पूर्ण गेली, तरी शिकवणं थांबलं नाही. डॅनी गॉटलिब, मॅक्स वाइनबर्ग यांच्यासारखे नावाजलेले ड्रमर त्याच्या हाताखालून गेले, १९८३ साली सरावाचं पुस्तकही निघालं. १२ मार्च २०११ रोजी, ब्याऐंशी वर्षांचा होऊन तो गेला. नातीनं विचारलं, "दिसत नव्हतं तर मुलांचं चुकलेलं कसं कळायचं?"

सरांनी दिवे घालवले, पडदे ओढले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. "वगाड." म्हणजे वाजव. तिनं चकतीवर साधं उजवा-डावा वाजवायला घेतलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, डावा अंगठा आवळलास. तिनं सैल सोडला. मग म्हणाले, आता खांदा. मीही डोळे मिटले. पहिल्यांदा मला दोन्ही हात सारखेच ऐकू आले. मग हळूहळू डाव्याचा ठोका किंचित बसका लागतोय हे कळलं, आणि ती सैल झाल्यावर तो मोकळा झाला तेही कळलं. चाळीस वर्षं तबला वाजवून इतकं बारीक मी कधी ऐकलं नव्हतं. तेव्हापासून दर शनिवारी शेवटची वीस मिनिटं अंधारात असतात, सगळ्या मुलांची. दिसणारी मुलं सुरुवातीला टिपऱ्या काठावर आपटतात. आमची नाही आपटत, कारण सरांनी सेटच्या पायांखालच्या सतरंजीवर जाड सुतळी शिवून घेतली आहे. प्रत्येक स्टँडचा पाय कुठे येतो ते ती पायानं चाचपून बघते आणि सगळं हाताच्या अंतरावर जिथल्या तिथे असतं. ती सुतळी सरांनी तिच्यासाठी शिवली, पण आता बाकीची मुलंही तिच्यावरच सेट लावतात.

दिवाळीनंतरच्या शनिवारी क्लासातल्या मुलांचं छोटं वादन आहे. सरांनी तिला 'टेक फाइव्ह'चा मधला भाग वाजवायला सांगितला होता. ती म्हणाली, मला सोलो नको, मला सुरुवातीचा ठेका वाजवायचाय, सॅक्सोफोनच्या मागचा. सर माझ्याकडे बघायला लागले. मी तिला काहीही शिकवलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. सोलो आता सुरतेहून येणारा एक मोठा मुलगा वाजवणार आहे, सर कीबोर्डवर लेहरा धरणार आहेत. खुर्च्या बारा आहेत, त्यातल्या दोन जिन्याकडच्या, तिथे बसलात तर पंख्याचा वारा लागत नाही.